मरतुकडे रोप

द्राक्षबागाईतदाराला एक खोड असते. कुणाच्याही अंगणात गेला की न विचारता तो तिथल्या झाडांची परीक्षा करतो. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात अमेरिकेत, व्हर्मांटला लेकीकडे गेलो, तेव्हा मीही ती केली. तिने परसात जंगली चेस्टनटची दोन रोपे लावली होती. एकाचे बी दक्षिणेकडच्या व्हर्जिनियाच्या डोंगरातले, दुसऱ्याचे व्हर्मांटच्याच रानातले. पहिले हिरवेगार, तरतरीत. दुसरे मरतुकडे, पाने आतापासूनच पिवळी.

"हे उपटून टाक. यात दम नाही," मी म्हणालो.

"अण्णा, एक हिवाळा जाऊ द्या," एवढेच ती म्हणाली.

हे झाड म्हणजे एके काळी तिथल्या रानांचे वैभव. १९०४ साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात त्यावर बुरशीचा रोग दिसला आणि पन्नास वर्षांत तीनचारशे कोटी झाडे गेली. बुंधा मरतो, मुळांतून धुमारे तेवढे फुटत राहतात. आता चिनी चेस्टनटशी संकर करून रोगाला दाद न देणारी झाडे काढण्याची खटपट चालते. पण रोगातून वाचलेले झाड उत्तरेच्या थंडीने मेले तर काय उपयोग? म्हणून संशोधकांनी ठिकठिकाणचे बी व्हर्मांटच्या एकाच रानात लावून पाहिले. उबदार मुलखातल्या रोपांना थंडी अधिक बाधली. जमीन तीच, हवा तीच, फरक रक्तातला.

पुढच्या मे अखेरीस पुन्हा गेलो. तरतरीत रोपाचे शेंडे काळे पडून वाळले होते. मरतुकडे मात्र टोकापर्यंत फुटले होते. त्याचा तो पिवळेपणा रोग नव्हताच. काडी पिकवून वेळेवर झोपी जाण्याची तयारी होती. आणि कच्ची काडी टिकत नाही, हे मी आयुष्यभर मजुरांना सांगत आलो!

त्या रात्री निफाडची बाग आठवली. पारा चारच्या खाली उतरला की आम्ही शेकोट्या पेटवतो, धूर करतो, पहाटे विहिरीचे पाणी सोडतो. आमच्या हजार वेली म्हणजे काड्यांवरून वाढवलेली एकाच वेलीची हजार रूपे. गारठल्या तर साऱ्याच गारठतात. बियांवर उगवलेल्या रानाचे तसे नसते. तिथे दर झाड निराळे. काही जातात, काही राहतात. चाळीस वर्षे बागाईत करून हे माझ्या ध्यानी आले नव्हते.

सकाळी लेक काही बोलली नाही. जावईबापूंनी मात्र मिस्कीलपणे विचारले, "अण्णा, आता हे दुसरे उपटायचे ना?"

मी कात्री मागितली. नखाने साल खरवडत खाली खाली आलो. जमिनीपासून वीतभर उंचीवर हिरवे लागले. तिथे छाटले.