दुसरं उत्तर

महाराष्ट्राच्या दहावीच्या बीजगणितात मातीची भांडी घडवणारे एक कासम आहेत. दिवसाला जितकी भांडी होतात त्याच्या दहापटीत 40 मिळवले की एका भांड्याचा उत्पादनखर्च निघतो; दिवसाचा एकूण खर्च 600 रुपये. वर्गसमीकरण सुटतं, 6 आणि उणे 10 ही उत्तरं येतात, भांडी उणे कशी असतील म्हणून दुसरं खोडायचं. गुण मिळतात, शंका राहते. या हिशेबाने पाच भांड्यांना 450 रुपये लागतात, म्हणजे एकटं सहावं भांडं 150 रुपयांना पडतं. ते कोणता कुंभार चाकावर घेईल? आवा एकदा पेटवायचा तर भांडी जितकी जास्त, तितका दर भांड्यामागे सरपणाचा खर्च कमी. कोणी म्हणेल, उदाहरण समीकरण शिकवायला आहे, धंदा शिकवायला नाही. शिवाय जादा कामाने खर्च चढतोही. चढतो, पण सहा भांड्यांत नव्हे. आणि व्यवहार बघायचाच नसेल, तर उणे 10 तरी कशाच्या आधारावर खोडलं?

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातच ही तपासणी जास्त कडक केली होती. ‘बीजगणिता’त वानरांच्या कळपाचं उदाहरण आहे: पाचव्या हिश्श्यातून तीन वजा करून वर्ग केला तेवढी गुहेत शिरली, एक फांदीवर दिसतं. उत्तरं 50 आणि 5, दोन्ही धन. तरी त्यांनी 5 नाकारलं, कारण त्याचा पाचवा हिस्सा एक, आणि एकातून तीन वानरं काढायची कुठून?

खरं वर्गसमीकरण हवं असेल तर ते पंचवटीच्या बाजार समितीत, भाजीच्या लिलावात सापडतं. आवक वाढली की भाव पडतो, म्हणून आवक गुणिले भाव हा गुणाकार आधी चढतो, मग उतरतो. समजा, कोथिंबिरीच्या जितक्या हजार जुड्या आल्या तितके रुपये विसातून वजा होऊन जुडीचा भाव ठरतो. एकूण उलाढाल 75,000 व्हायला किती जुड्या लागतील? भाव इतका सरळ रेषेत पडत नाही, हा आक्षेप मान्य. पण दिशा तरी खोटी नाही. उत्तरं दोन: पाच हजार जुड्या 15 रुपयांनी, किंवा पंधरा हजार 5 रुपयांनी. दोन्ही धन, दोन्ही पडताळ्यात बसणारी. वहीत यातलं एकही खोडता येत नाही. शेतकऱ्याला मात्र दुसऱ्या उत्तरात तिप्पट कापणी, तिप्पट भाडं आणि पैसे तेवढेच.