घोरपड आणि पोवळे

पुण्यात वाढलेल्या माणसाला घोरपड प्रथम भेटते ती कथेत, सिंहगडाच्या कड्यावर. १६७० सालची ती रात्र, तानाजीची यशवंती आणि तिच्या कमरेचा दोर. इतिहासकारांना ही कथा मान्य नाही. पण घोरपड चिकाटीची उपमा होऊन बसली ती कायमची. पोवळे भेटते सराफाच्या दुकानात, मंगळाचे रत्न म्हणून. माझ्या आजीच्या बोटात एक होते. तो एका प्राण्याच्या सांगाड्याचा तुकडा आहे, असे घरात कधी कोणी म्हटल्याचे आठवत नाही.

अंगठीतले तांबडे पोवळे सहसा भूमध्य समुद्रातले. त्याचे दूरचे नातलग, भित्ती उभारणारे प्रवाळ, आपल्याकडे मालवणच्या खडकांवर आणि किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरांहून दूर असलेल्या आंग्रिया बँकेवर वाढतात. योगायोग असा, की घोरपडीने एका मराठा घराण्याला नाव दिले आणि प्रवाळांच्या या उंचवट्याला नाव मिळाले ते कान्होजी आंग्र्यांचे.

१९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घोरपड आहे. २००१ मध्ये भित्ती उभारणारे प्रवाळही तिच्यात आले. तरी आपली नजर बदलली नाही. नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय ‘हत्ता जोडी’ नावाची मुळी म्हणून पूजेसाठी विकले जात असल्याचे २०१७ मध्ये उघड झाले. एका प्राण्याला आपण वनस्पती ठरवले, दुसऱ्याला दगड.

साम्य येथे संपते. घोरपडीच्या शत्रूला हात असतात. ते धरता येतात. शिवाय ती पळू शकते, बिळात शिरू शकते. प्रवाळाचा मोठा शत्रू म्हणजे तापलेले पाणी. त्या तापाने प्रवाळ आपल्या शरीरातील शैवाल बाहेर टाकतो. रंग जातो, अन्नाचा मुख्य आधारही जातो. अशा जागतिक विरंजनाची चौथी लाट एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाली. तिला अटक करणारा वनरक्षक नाही. खरी चिकाटी प्रवाळाची, आणि तीच त्याच्या मुळावर येते: त्याला जागा सोडता येत नाही.

वर्गात आपण उपमेय-उपमान शिकवतो. उपमान कोठे राहते, काय खाते, अजून आहे का, हे मात्र विचारत नाही. उद्या घोरपड गेली तरी यशवंती राहील, घोरपडे आडनाव राहील, अंगठीही राहील. भाषेला काही कमी पडल्याचे जाणवणारदेखील नाही, आणि मला भय वाटते ते याचेच.