दोष जन्माचा, माहेरचा नव्हे

सुनेला काही दुखणं निघालं, की पहिलं बोट तिच्या माहेराकडे जातं. मैत्रिणींनो, आमच्या वाशीमच्या घरातही तेच झालं. माझ्या धाकट्या जावेच्या डाव्या कुशीत अधूनमधून कळ यायची. कुणाकडे दोन-तीन कप चहा आणि वर तांब्याभर पाणी झालं, की हमखास! कुणी वात म्हणालं, कुणी गॅस. शेवटी सोनोग्राफी केली, तर डावं मूत्रपिंड फुगलेलं. डॉक्टर म्हणाले, अडथळा जन्मापासूनचा असावा. झालं! घरात कुजबुज सुरू, “लग्नाआधी सांगितलं का नाही?”

अहो, सांगणार कोण? मूत्रपिंडातून मूत्रनळी निघते तिथली जागा काहींची जन्मतःच अरुंद असते, किंवा एखादी जादा रक्तवाहिनी तिच्यावरून आडवी जाते. लघवी उतरते, पण सावकाश. दुसरं मूत्रपिंड काम सांभाळून घेतं, म्हणून रक्तातलं क्रिएटिनिनही ठीक येतं. कित्येकांना तिशी-चाळिशीपर्यंत पत्ताच लागत नाही. हल्ली गरोदरपणातल्या सोनोग्राफीत बाळाची अशी सूज पुष्कळदा दिसते. पण जाऊ जन्मली तेव्हा वाशीम जिल्हासुद्धा झाला नव्हता, तो १९९८ सालचा. खेड्यात घरीच बाळंत झालेल्या तिच्या आईला हे कसं दिसावं?

आणखी एक लक्षात ठेवा. सोनोग्राफीत सूज दिसते, पण ती अडथळ्याचीच का, हे त्यावरून नक्की होत नाही. त्यासाठी नागपूरला डीटीपीए स्कॅन केला. शिरेतून किंचित किरणोत्सारी औषध देतात, लघवी जास्त होण्याचं इंजेक्शनही देतात. कोणतं मूत्रपिंड किती काम करतं आणि औषध किती वेळात खाली उतरतं, हे यंत्र मोजतं. निम्मं उतरायला २० मिनिटांहून जास्त लागली, तर अडथळ्याची शंका बळावते. एकूण कामात जावेच्या डाव्या मूत्रपिंडाचा वाटा निम्म्याच्या आसपास हवा, तो ३४ टक्क्यांवर आला होता. सीटी स्कॅनमध्ये आडवी रक्तवाहिनीही दिसली. आता दुर्बिणीतून शस्त्रक्रिया ठरली आहे. अरुंद भाग काढून नळी पुन्हा जोडतील.

हे सगळं मी सासूबाईंना रिपोर्ट पुढे ठेवून समजावलं. त्यांनी स्वतः विहीणबाईंना फोन लावला. पलीकडून त्या माउलीचं रडणंच आधी ऐकू आलं, “आम्हाला खरंच ठाऊक नव्हतं हो!”

तेव्हा कुशीतली कळ आपोआप थांबली, तरी तपासणी टाळू नका. आणि घरात कुणी माहेर काढलं, तर गप्प बसू नका.