झाड निवडावे वाईट दिवसांसाठी



येत्या पावसाळ्यात शाळेच्या मैदानाभोवती ११ नवी झाडे लावायची असे ठरले आहे. कोणती झाडे लावावीत याबद्दल सर्वांकडून सूचना मागवल्या होत्या. मी या शाळेचा माजी विद्यार्थी. पुढे बरीच वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले, म्हणून आलेल्या याद्या पाहण्याचे काम माझ्याकडे आले. मुलांनी मनापासून लिहिले आहे. इयत्ता चौथीच्या एका मुलीने तर प्रत्येक झाडाचे चित्र काढून पाठवले. बहुतेक याद्यांत पहिले नाव गुलमोहराचे आहे. मोठ्यांच्या याद्यांत एक अट पुन्हा पुन्हा दिसते : लवकर वाढणारे झाड हवे.

या दोन्ही गोष्टींवर मला थोडे बोलायचे आहे, कारण झाड एकदा लावले की निर्णय बदलता येत नाही. बाक चुकीचा घेतला तर विकता येतो. झाडाची निवड चुकली तर ते १५ वर्षांनी कळते, आणि तेव्हा त्याखाली आपली मुले बसलेली असतात.

आपण वडोदऱ्याचे रहिवासी. शहराच्या नावातच वड आहे. वटोदर, म्हणजे वडाच्या उदरातले गाव, अशी या नावाची उकल सांगतात. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८७९ साली, कमाटीबाग तयार झाली. गुस्ताव हर्मान क्रुम्बिगेल हे जर्मन उद्यानतज्ज्ञ १८९३ साली बडोदा संस्थानाच्या नोकरीत आले, आणि १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानात गेल्यावर त्यांनी बंगळूरच्या रस्त्यांना वृक्षांचे वैभव दिले. म्हणजे झाडांची निवड हे जाणत्या माणसाने विचार करून करायचे काम आहे, ही समज आपल्या शहरात सव्वाशे वर्षे जुनी आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनी ज्या सावलीतून ये-जा केली, ती कोणीतरी जाणीवपूर्वक लावलेली होती.

आता शहरातल्या झाडाच्या नशिबी काय येते ते पाहू. रानातल्या झाडाच्या मुळांना मोकळी माती असते. शहरातल्या झाडाला एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला भिंत, वर वीजतारा आणि खाली गटाराचा पाइप. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो, फरसबंदी तापते आणि मुळे भाजून निघतात. मग पावसाळ्यात चार महिन्यांत वर्षभराचे पाणी कोसळते. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस झाला, तो आपल्यापैकी कोणीच विसरलेले नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीने धोक्याची पातळी ओलांडली आणि आपल्या मैदानाच्या सखल कोपऱ्यात कित्येक दिवस पाणी साचून राहिले. त्यात अधूनमधून वादळ. झाडाची खरी परीक्षा वर्षाचे ५१ आठवडे होत नाही. ती होते त्या एका वाईट आठवड्यात.

या परीक्षेत आपल्याच आवारातली दोन झाडे कशी गेली ते सांगतो.

पहिले, रंगमंचाजवळचा गुलमोहर. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर आदळले, त्याचे वारे आपल्या शहरापर्यंत पोचले आणि तो मुळासकट आडवा झाला. करोनामुळे शाळा बंद होती, म्हणून आवारात कोणी नव्हते. एरवी डबा खाण्याच्या सुटीत त्याच झाडाखाली पन्नासेक मुले बसत. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. फूल देखणे, पण लाकूड ठिसूळ आणि मुळे वरवर पसरणारी. शिवाय उन्हाळा सुरू होताना, सावलीची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच, त्याची पाने गळालेली असतात. बागेत, माणसांपासून दूर, तो जरूर असावा. मुलांच्या डोक्यावर मात्र नसावा.

दुसरे, पाण्याच्या टाकीमागचा कडुनिंब. हे तर आपले स्वतःचे, काटक झाड. पाऊस हुकला तरी तग धरणारे. पण २०२४ च्या पुरानंतर त्याची पाने पिवळी पडली आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ते वाळून गेले. त्या वेळी आपले माळीकाका एवढेच म्हणाले, ‘साहेब, लीमडाने पगमां पाणी न गमे.’ वर्गात मी जे अर्धा तास समजावून सांगत असे, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. माती पाण्याने भरून राहिली की तिच्यातली हवा संपते आणि मुळे कुजू लागतात. अर्जुन, करंज, जांभूळ ही नदीकाठची झाडे पाणी सोसू शकतात, कडुनिंबाला ते सोसत नाही. झाड वाईट नव्हते, जागा त्याची नव्हती. म्हणून ‘काटक झाड कोणते?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘या जागी काटक कोणते?’ असे विचारायला हवे.

आता लवकर वाढणाऱ्या झाडांविषयी. एका हितचिंतकांनी काही वर्षांपूर्वी कोनोकार्पसची रोपे भेट देऊ केली होती. हे झाड दोन-तीन वर्षांत हिरवीगार भिंत उभी करते, उन्हाळ्यातही ते हिरवे राहते. म्हणून गुजरातभर दुभाजकांवर आणि सोसायट्यांच्या कुंपणांना त्याची लागवड झाली. पुढे त्याची मुळे गटारे आणि जमिनीखालच्या तारा खराब करतात, हिवाळ्यातल्या फुलोऱ्याच्या परागांमुळे सर्दी, खोकला, दम्याचा त्रास होतो, अशा तक्रारी आल्या. अखेर सप्टेंबर २०२३ मध्ये गुजरातच्या वनविभागाने त्याच्या लागवडीवर बंदी घातली. पहिल्या पाच वर्षांत जे झाड सर्वांत देखणे दिसते, ते पुढच्या पन्नास वर्षांत सोयीचे ठरेलच असे नाही.

‘मग सगळीकडे देशी झाडेच लावा, कडुनिंबच लावा’, असे काही पालकांनी लिहिले आहे. भावना योग्य आहे, पण एकाच झाडावर सर्व भिस्त ठेवणे धोक्याचे. हैदराबादचे आपले मराठी बांधव हे जाणतात. २०२१ च्या सुमारास तेलंगणात हजारो कडुनिंबांचे शेंडे वाळू लागले. फोमॉप्सिस नावाची बुरशी आणि तिच्या जोडीला टी मॉस्किटो बग हा रस शोषणारा कीटक, ही त्याची कारणे. पुष्कळ झाडांना पुन्हा पालवी फुटली, पण ज्या रस्त्यावर फक्त कडुनिंबच होता, तो रस्ता तेव्हा अक्षरशः ओका दिसला. अमेरिकेतले वृक्षतज्ज्ञ फ्रँक सँटामोर यांनी १९९० साली एक सोपा नियम मांडला : शहरातल्या एकूण झाडांत एका जातीची १० टक्क्यांहून, एका प्रजातीची २० टक्क्यांहून आणि एका कुळातली ३० टक्क्यांहून अधिक झाडे नसावीत. ११ झाडांना हा हिशोब तंतोतंत लागू होणार नाही, पण त्यामागचे शहाणपण घेता येते.

विद्यार्थ्यांसाठी इथे एक गंमत. एका यादीत गुलमोहर, बहावा, कांचन, पळस, करंज आणि चिंच अशी सहा वेगवेगळी नावे होती. यादी भरगच्च दिसते, पण शेंगा आठवून पाहा. ही सहाही झाडे एकाच कुळातली, म्हणजे तूर आणि वाटाण्याची नातेवाईक! नावे सहा, घर एक.

या सर्वांचा विचार करून मी पुढील यादी विश्वस्त मंडळापुढे ठेवली आहे. सखल कोपऱ्यात, जिथे पाणी साचते, तिथे २ अर्जुन (गुजरातीत सादड) आणि जरा बाजूला १ जांभूळ. जांभूळ खेळाच्या जागेपासून दूर, कारण त्याच्या फळांचे डाग गणवेशावरून निघत नाहीत. पश्चिमेच्या वर्गखोल्यांसमोर २ करंज. चैत्र-वैशाखात त्याला नवी पालवी फुटते आणि दुपारचे ऊन खिडकीवर येण्याच्या वेळी तो हिरवागार असतो. प्रार्थनेच्या पटांगणाकडेला २ बकुळी, ज्यांना आपण इथे बोरसल्लीही म्हणतो. त्या सावकाश वाढतात, पण लाकूड चिवट आणि सावली दाट. मैदानाच्या टोकाला १ चिंच. तिची मुळे खोल जातात आणि फांद्या सहसा वाऱ्याला मोडत नाहीत. फाटकाजवळच्या उंच, निचऱ्याच्या जागी १ कडुनिंब. वीजतारांखाली १ पारिजातक, जो फार उंच वाढतच नाही, म्हणून दरवर्षी त्याच्यावर करवत चालवावी लागणार नाही. आणि इमारतीपासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यात, या शहराच्या नावासाठी, १ वड. पिवळी कण्हेर एका यादीत होती, ती मी काढली. तिच्या बिया विषारी असतात, शाळेत ती नको.

योग्य झाड निवडले की काम संपले असे मात्र नाही. रोपवाटिकेत सर्वांत उंच रोप निवडण्याचा मोह होतो. त्याऐवजी पिशवी सोडून मुळे पाहावीत. पिशवीत फार दिवस राहिलेल्या रोपाची मुळे आतल्या आत गोल फिरतात, आणि जमिनीत गेल्यावरही तशीच फिरत राहून पुढे आपल्याच बुंध्याला फास लावतात. असे झाड दहा वर्षे उत्तम दिसते आणि एका वादळात कोसळते. बुंधा मध्यम उंचीचा, सरळ, एकच शेंडा असलेला हवा. खोलापेक्षा रुंद खड्डा महत्त्वाचा. बुंधा जिथे मुळांना मिळतो तो भाग मातीत गाडला जाऊ नये. आधाराची काठी वर्षभराने काढावी, कारण वाऱ्यात थोडे डोलल्यानेच खोड बळकट होते.

आणि पेव्हर ब्लॉक. २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्यांभोवतीचे १ मीटरपर्यंतचे काँक्रीट काढून टाकण्याचा आदेश दिला होता. आपण तेवढी जागा पहिल्या दिवसापासूनच मोकळी ठेवू या. झाडाची पाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या दीड-दोन फूट मातीतच असतात. त्यामुळे पाइपासाठी चर खणताना बुंध्याजवळून कुदळ चालवली, तर वर हिरवे दिसणारे झाडही आतून आधार गमावून बसते. वादळात पडलेल्या झाडाला वारा दोषी ठरतो, पण पुष्कळदा काम आधीच झालेले असते.

एक विश्वस्त मला म्हणाले, ‘सर, बकुळीची सावली पाहायला आपण असू का?’ प्रश्न प्रामाणिक आहे. माझे उत्तर असे. करंज चांगल्या निगराणीत पाच-सहा वर्षांत बसण्याजोगी सावली देईल. तोपर्यंत डब्याच्या जागेवर हिरव्या जाळीचा मांडव घालता येईल. आज बालवाडीत असलेले मूल १२ वर्षांनी दहावीची परीक्षा देईल, तेव्हा अर्जुन छपरापर्यंत पोचलेला असेल. बकुळी त्याच्या मुलांसाठी. आपण ज्या सावलीत शिकलो ती लावणाऱ्यांनीही असाच हिशोब केला असणार.

माझ्या तीन विनंत्या आहेत. विश्वस्तांनी रोपांच्या खर्चापेक्षा जास्त तरतूद पुढच्या तीन उन्हाळ्यांच्या पाण्यासाठी करावी, कारण लावलेली रोपे मरतात ती बहुधा पहिल्या उन्हाळ्यातच. पालकांनी वाढदिवसानिमित्त नवी रोपे देण्याऐवजी या ११ झाडांच्या आळ्यांसाठी शेणखत द्यावे. आणि विद्यार्थ्यांनी प्रत्येक झाडाची एक वही ठेवावी : कधी लावले, बुंध्याचा घेर किती, पालवी कधी फुटली, पुरात पाणी किती दिवस राहिले. ही वही वर्ग पुढे गेल्यावर खालच्या वर्गाकडे सोपवावी. पंचवीस वर्षांनी जो कोणी या आवारात झाड निवडायला बसेल, त्याला आमच्यासारखा अंदाज करावा लागणार नाही.

पहिला दमदार पाऊस झाला की पुढच्या रविवारी सकाळी ७ वाजता लागवड सुरू होईल. खड्डे माळीकाका आधीच खणून ठेवणार आहेत. घरून पाण्याची बादली तेवढी घेऊन यावी.