धरणाच्या तळाशी उतरणारी आकाशगंगा

वाळवंटातील रात्रीची छायाचित्रे आता घरोघरी पोहोचली आहेत. जैसलमेरजवळचे वाळूचे डोंगर, कच्छचे पांढरे रण, लडाखमधील हानलेचे थंड पठार आणि त्यांच्यावर पसरलेला आकाशगंगेचा पट्टा पाहून मन हरखते. तेथे जाण्याचा बेत आखणारी कुटुंबेही पुष्कळ असतात. वाळवंट या कलेला का मानवते, याचे उत्तर साधे आहे. हवा कोरडी, क्षितिज मोकळे आणि आसपास दिवे विरळ. या तीन गोष्टी जेथे एकत्र येतात, तेथे रात्रीचे आकाश कॅमेऱ्यात उतरते.

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येला, सह्याद्रीच्या कुशीत, हे तिन्ही गुण काही आठवड्यांपुरते एकत्र येतात. भोर आणि वेल्हे हे तालुके मुसळधार पावसाचे, भातखाचरांचे आणि धरणांचे म्हणून ओळखले जातात. त्यांपैकी वेल्ह्याला आता राजगड तालुका असे नाव मिळाले आहे. जुलै-ऑगस्टमध्ये ज्यांनी ही खोरी पाहिली, त्यांना येथे वाळवंट असेल असे सांगूनही पटणार नाही. तथापि हाच प्रदेश एप्रिल-मेमध्ये पाहावा. डोंगरउतारांवरचे गवत वाळून पिवळे पडते, सड्यावरचा कातळ उघडा होतो आणि धरणांचे पाणी खोल जाऊन मैलोन्‌मैल तडकलेली, भेगाळ माती वर येते.

या उन्हाळी वाळवंटाचे सर्वांत विलक्षण रूप भाटघर धरणाच्या फुगवट्यात दिसते. वेळवंडी नदीच्या पात्रात, कांबरे बुद्रुक गावाजवळ, कांबरेश्वराचे जुने दगडी मंदिर आहे. वर्षातील बराच काळ ते पाण्याखाली असते. मे महिन्यात पाणी ओसरू लागले की आधी त्याचा माथा दिसतो, मग भिंती, आणि शेवटी सारे मंदिर चिखलातून मोकळे होते. परिसरातील भाविक त्या थोड्या दिवसांत दर्शन घेऊन जातात. लोक त्याला पांडवकालीन म्हणतात. भेगाळ मातीचा विस्तार, मध्ये एकटे मंदिर आणि माथ्यावर आकाशगंगा, असे दृश्य मिळावे म्हणून छायाचित्रकार दूरदूरच्या वाळवंटांत जातात. येथे ते पुण्यापासून काही तासांच्या अंतरावर आहे.

मात्र हे वाळवंट निसर्गाने घडवलेले नाही. भाटघरचे सध्याचे धरण १९२८ च्या सुमारास पूर्ण झाले. मुंबई प्रांताचे गव्हर्नर लॉर्ड लॉइड यांच्या नावावरून ते त्या काळी ‘लॉइड डॅम’ म्हणून ओळखले जाई. त्याची साठवण क्षमता सुमारे २३.५ टीएमसी आहे. नीरेच्या डाव्या आणि उजव्या कालव्यांतून हे पाणी पुरंदर, बारामती, इंदापूर, फलटण आणि माळशिरसपर्यंत जाते. ऊस उभा राहिला, कारखाने आले, गावे नांदती झाली. त्यासाठी वेळवंडीच्या खोऱ्यातील सुपीक तळ पाण्याखाली गेला आणि वस्त्या वर डोंगराच्या अंगाला सरकल्या. धरणाच्या भिंतीजवळ पुढे वीजही तयार होऊ लागली. पाणी खाली गेले, वीज तारांवरून दूर गेली. खोऱ्यातील वाड्यांच्या वाट्याला बराच काळ उरला तो अंधार. ज्या भेगाळ भूमीचे सौंदर्य आज कॅमेरा टिपतो, ती कुणाच्या तरी आजोबांची शेतजमीन होती, हे तेथे पाऊल टाकताना विसरता येत नाही.

पुण्याहून सातारा रस्त्याने निघावे, कापूरहोळला उजवीकडे वळावे आणि भोरच्या दिशेने जावे. पंतसचिवांचा राजवाडा पाहण्यासाठी भोर गावात तासभर थांबणे योग्य. तेथून भाटघरच्या जलाशयाच्या कडेने जाणारा रस्ता वळणे घेत खोऱ्यात शिरतो. पात्रात उतरायचे ते उन्हे कलण्यापूर्वी, कारण वरून वाळलेली दिसणारी माती खाली ओली असू शकते. पाय रुतण्याची जागा उजेडातच ओळखता येते. वाट गावकऱ्यांना विचारूनच धरावी. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याचा ज्या घरांत नेम आहे, त्यांना ही सहल विशेष सोयीची. जेवणे आटोपलेली असतात आणि अंधार पडेपर्यंतचा वेळ शांतपणे बसण्याचा असतो.

या कामासाठी पहिले साधन म्हणजे पंचांग. अमावस्येच्या आसपासच्या रात्री सर्वांत चांगल्या. चंद्र दररोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो. त्यामुळे कृष्ण पक्षातील अष्टमीनंतर निदान मध्यरात्रीपर्यंत तरी चंद्रप्रकाश नसतो. दुसरीकडे मंदिर बाहेर यायला मे उजाडतो आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पावसाळी ढग दाटू लागतात. म्हणजे उघडे मंदिर, निरभ्र आकाश आणि चंद्रविरहित रात्र यांचा मेळ वर्षातून जेमतेम एका अमावस्येला बसतो. ती ढगांत गेली, तर पुढची संधी वर्षाने.

मे महिन्याच्या मध्यावर रात्री साडेनऊच्या सुमारास आग्नेयेला वृश्चिकाची नांगी क्षितिजावर आलेली असते. तिच्या शेजारी, धनू राशीच्या दिशेला, आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग उगवू लागतो. त्याच वेळी दक्षिणेला त्रिशंकू, म्हणजे दक्षिणेकडील क्रॉस, ताठ उभा असतो. तो क्षितिजापासून फक्त बारा अंशांवर असल्याने खोऱ्याच्या तळातून डोंगराआड जातो, पण एखाद्या किल्ल्यावरून सहज दिसतो. रात्री पावणेतीनच्या सुमारास आकाशगंगेचे केंद्र दक्षिणेला सुमारे ४३ अंशांवर येते. लंडनहून पाहिले तर तेच केंद्र क्षितिजापासून साडेनऊ अंशांहून वर चढत नाही. भोरच्या माणसाला अंगणात मिळणारे हे वैभव युरोपातील हौशी निरीक्षकाला प्रवास करूनच मिळवावे लागते.

कॅमेऱ्याचे तंत्र फारसे अवघड नाही. पक्की तिपाई हवी, कारण कॅमेऱ्याचे दार वीस-पंचवीस सेकंद उघडे राहणार असते. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते, त्यामुळे अधिक वेळ घेतल्यास ताऱ्यांचे ठिपके न राहता रेघा उमटतात. यासाठी छायाचित्रकार एक ढोबळ गणित वापरतात: ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरमधील अंकाने भागावे. २० मिलिमीटरच्या लेन्सला २५ सेकंद मिळतात. हल्लीच्या बारीक रेखनाच्या कॅमेऱ्यांना त्याहून थोडा कमी वेळ द्यावा. लेन्सचे छिद्र शक्य तितके मोठे ठेवावे, आयएसओ ३२०० च्या आसपास असावा आणि फोकस एखाद्या तेजस्वी ताऱ्यावर हाताने साधावा. उलट रेघाच हव्या असतील, तर कॅमेरा उत्तरेकडे वळवून तासभर चित्रे घ्यावीत. येथून ध्रुव फक्त अठरा अंश उंच दिसतो आणि त्याच्याभोवती प्रत्येक तारा पंधरा अंशांचा कंस काढतो. डोळ्यांना अंधार सरावायला अर्धा तास लागतो. एकदा मोबाइल उघडला की तो अर्धा तास वाया गेला असे समजावे.

उत्तरेकडे वळवलेला कॅमेरा मात्र आणखी एक गोष्ट टिपतो. ईशान्येला, डोंगररांगेच्या मागे, पिवळसर पांढरा उजेड पसरलेला दिसतो. ते पुणे. हा उजेड नीट पाहायचा असेल, तर वेल्ह्याकडे जावे. नसरापूरजवळच्या चेलाडी फाट्यावरून विंझरमार्गे वेल्ह्याचा रस्ता जातो. गावाच्या माथ्यावर तोरणा आहे. सुमारे १४०० मीटर उंचीचा हा किल्ला पुणे जिल्ह्यातील सर्वांत उंच मानला जातो. पूर्वेला राजगड. सुमारे पंचवीस वर्षे तो स्वराज्याची राजधानी होता आणि जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत त्याचा समावेश आहे. सुवेळा माचीवरील नेढे, म्हणजे कातळाला आरपार पडलेले भोक, छायाचित्रकारांचे आवडते ठिकाण आहे. या उंचीवरून एका बाजूस शहराचा उजेड आणि दुसऱ्या बाजूस कोकणाकडील काळोख, असे दोन्ही एकाच वेळी दिसतात.

पुणेकरांना आकाशाची आवड नवी नाही. येथील ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ मध्ये स्थापन झाली. परंतु जे पाहायचे तेच आता शहरातून दिसेनासे झाले आहे. आकाशगंगेचे केंद्र सुमारे २६,००० प्रकाशवर्षे दूर आहे. त्या दिशेने येणारा प्रकाश हजारो वर्षे प्रवास करतो आणि अखेर शहराच्या माथ्यावर आपल्याच दिव्यांत हरवतो.

तो हरवण्याची जागा दरवर्षी थोडी थोडी भोर-वेल्ह्याकडे सरकते आहे. जलाशयांच्या काठी शेतघरे उभी राहत आहेत. त्यांच्या कुंपणांवरचे प्रखर दिवे आडवे नाहीतर आकाशाकडे तोंड करून रात्रभर जळतात, मालक शनिवारी यायचा असला तरी. याउलट वाडीतल्या माणसाला दिवा मिळाला तो उशिरा, आणि त्याची त्याला खरी गरज आहे. साप-विंचवाची वाट, आजारी माणसाला रात्री उचलून न्यायचे, मुलांचा अभ्यास. चित्र चांगले यावे म्हणून गावाने अंधारात राहावे, असे म्हणण्याचा अधिकार शहरातून आलेल्या कोणालाही नाही. त्यांच्या पाण्याने आणि विजेने दुसऱ्यांची घरे उजळली, हा हिशेब आधीच एकतर्फी आहे.

सुदैवाने दिवा आणि तारे यांत निवड करावी लागत नाही. दिव्याला वरून पत्र्याची टोपी घातली आणि त्याचे तोंड जमिनीकडे केले, तर वाट पूर्वीइतकीच उजळते आणि आकाश काळे राहते. विजेचीही बचत होते. महाराष्ट्रातीलच पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. आसपासच्या गावांतील दिवे जमिनीकडे तोंड करणारे बसवणे हा त्या प्रयत्नाचा भाग होता. गावे अंधारात गेली नाहीत.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि ती ताऱ्यांहून जवळची आहे. पहिल्या पावसाच्या आगेमागे या खोऱ्यांतील झाडांवर काजवे चमकतात. नर आणि मादी लुकलुकीच्या खुणेने एकमेकांना शोधतात. प्रखर दिव्याजवळ ती खूण दिसत नाही. कुंपणावरच्या दिव्याभोवती सकाळी पडलेला मेलेल्या कीटकांचा सडा पाहिला, की रात्री दिवा लावून जेवू नये असे जुनी माणसे का सांगत, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. जो दिवा कुणाला वाट दाखवत नाही, तो विझवणे ही जीवदयेची अगदी सोपी रीत आहे.

म्हणून या सहलीला निघणाऱ्या कुटुंबांनी काही गोष्टी सांभाळाव्यात. लाल कागद लावलेली एखादी छोटी विजेरी पुरे. मंदिरावर झोत टाकू नये, दगडांवर चढू नये, तेथे येणाऱ्या भाविकांना आधी जागा द्यावी. गाडीचे दिवे पात्राकडे रोखून ठेवू नयेत. कचरा बरोबर परत आणावा, कारण महिन्याभरात ती जागा पुन्हा पाण्याखाली जाणार असते. आणि खोऱ्यात ज्यांचे स्वतःचे शेतघर आहे, त्यांनी परतण्यापूर्वी एकदा कुंपणाशी उभे राहून आपल्या दिव्याचे तोंड कोणीकडे आहे ते पाहावे.

जूनच्या मध्यावर पाऊस धरतो. वेळवंडीला गढूळ पाणी येते, भेगा मिटतात, पाणी मंदिराच्या पायरीला लागते आणि काही आठवड्यांत ते मंदिर दिसेनासे होते. पुढच्या वैशाखात ते पुन्हा वर येईल, याची खात्री धरणाकडे पाहून देता येते. त्याच्या माथ्यावर तेव्हा आकाशगंगा असेल का, हे काठावरचे दिवे ठरवतील.