सँडविच, वानखेडे आणि व्यंजना

मित्रांच्या गप्पांना विषय लागत नाही, निमित्त पुरते. आमच्या चौघांत गेली वीस वर्षे दोनच वाद टिकून आहेत. पहिला मुंबईच्या सँडविचमधल्या बिटाचा. एकाच्या मते ते केवळ रंगापुरते असते. दुसऱ्याच्या मते त्याच्या गोडीवाचून हिरव्या चटणीचा तिखटपणा पोरका वाटतो.

दुसरा वाद, वानखेडेवर सामन्याला गाडी न्यावी का? १९७५ साली पहिली कसोटी झालेले हे मैदान चर्चगेट आणि मरीन लाइन्सच्या मध्ये, रेल्वेमार्गालगत आहे. तिथे गाडी लावायला जागा शोधणे म्हणजे पहिली काही षटके गमावणे. तरीही आमचा एक मित्र दरवेळी गाडीचाच हट्ट धरतो आणि आम्ही त्याची यथेच्छ टवाळी करतो.

खरे कारण निराळे असावे. लोकलने परतताना दादरला आमची फाटाफूट होते: दोघे मध्य रेल्वेकडे, दोघे पुढे. गाडीत मात्र प्रत्येकाला दारापर्यंत सोडण्याच्या मिषाने चौघे आणखी दीड-दोन तास एकत्र राहतात. हे त्याने कधी बोलून दाखवलेले नाही, आम्हीही विचारलेले नाही. वर्गात आपण व्यंजना शिकवतो ती काव्यातली. महानगरात मैत्रीही बहुधा तिच्याच आधाराने तगते.