पतंगांचे नाना अवतार

मकरसंक्रांतीचा दिवस उजाडला म्हणजे गावोगावच्या गच्च्या आणि माळराने मुलांनी फुलून जातात. तांबडे, हिरवे, पिवळे, जांभळे असे शेकडो पतंग वाऱ्यावर स्वार होतात. रंग अनेक, परंतु रूप पाहावे तर बहुधा एकच. चौकोनी कागद, पाठीच्या कण्यासारखी एक उभी कामटी आणि धनुष्यासारखी वाकविलेली एक आडवी कामटी. याचे कारण उघड आहे. आपल्याकडचा पतंग हा लढवय्या आहे. प्रतिपक्षाचा मांजा कापण्यासाठी त्याला क्षणात डावीकडे, क्षणात उजवीकडे वळावे लागते. गोते खावे लागतात. रणांगणावर निघालेल्या शिपायाला जसा दागिन्यांचा सोस परवडत नाही, तसा या पतंगालाही नटण्यामुरडण्याचा सोस परवडत नाही.

परंतु जेथे पतंग लढविण्यासाठी नव्हे, तर पाहण्यासाठी उडवितात, तेथे त्याने किती सोंगे घ्यावी याला सुमारच नाही. चीनमधील वेइफांग हे शहर अशा पतंगांसाठी जगभर प्रसिद्ध आहे. तेथे १९८४ सालापासून आंतरराष्ट्रीय पतंगमहोत्सव भरत आला आहे. तेथील एक मोठा गमतीदार पतंग म्हणजे गोम! डोके मात्र गोमेचे नव्हे. ते शिंगे, मिश्या आणि वटारलेले डोळे असलेल्या अजस्र ड्रॅगनचे. त्या डोक्यामागे कितीतरी गोल चकत्या एकीमागे एक दोऱ्यांनी जोडलेल्या असतात. प्रत्येक चकतीला एक आडवी काडी असते आणि तिच्या दोन्ही टोकांना पिसांचे झुबके असतात. हेच गोमेचे पाय. पाहणाऱ्याला वाटावे, ही सारी नुसती सजावट आहे. परंतु त्या पिसांमुळेच चकत्यांचा तोल राहतो आणि प्रत्येक चकती हा स्वतः एक छोटासा पतंगच असतो. अशी गोम उडविणे हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. एकाने दोर धरावा आणि बाकीच्यांनी ओळीने उभे राहून चकत्या तोलून धराव्यात, तेव्हा कोठे ती स्वारी आकाशाकडे निघते. जमिनीवर निपचित पडलेली ती गोम वर गेली, की अशा काही ऐटीत वळवळू लागते, की भ्यावे की हसावे हेच कळेनासे होते.

जपानमध्ये ‘याक्को’ नावाचा पतंग आहे. याक्को म्हणजे सामुराई सरदाराचा सामान्य चाकर. पतंगावर त्याचेच चित्र असते. दोन्ही हात पसरलेले आणि अंगरख्याच्या बाह्या फुगलेल्या. जमिनीवर ज्याने मान खाली घालून चालावे, तो आकाशात मात्र सरदाराच्याही डोक्यावर मोठ्या दिमाखात डुलत राहतो! गरीब लोकांना हा पतंग फार आवडे तो यासाठीच, असे सांगतात. मलेशियातील ‘वाउ बुलान’ म्हणजे चंद्रपतंग. त्याचा खालचा भाग चंद्रकोरीच्या आकाराचा असतो आणि डोक्यावर एक ताणलेले धनुष्य बसविलेले असते. वारा त्यातून वाहू लागला, की पतंग चक्क गुणगुणू लागतो.

सॉलोमन बेटांवरील कोळ्यांनी तर पतंगाला कामालाच लावले. त्यांचा पतंग झाडाच्या पानांचा. कोळी होडीत बसून तो उडवितो. पतंगाच्या शेपटीपासून एक लांब दोरी लोंबत असते आणि तिच्या टोकाला कोळिष्टकाचा पुंजका बांधलेला असतो. तो पुंजका लाटांवरून नाचत चालला, की लांब चोचीचा मासा त्याला भक्ष्य समजून झडप घालतो आणि त्याचे बारीक दात त्या चिकट तंतूंत गुंतून बसतात. गळ नाही, जाळे नाही. मासा पकडला तो आकाशातल्या पतंगाने!

ही रूपे पाहून हसू येते खरे. परंतु वाऱ्याला थट्टा कळत नाही. पतंग गोमेचा असो की चाकराचा, त्याचा तोल साधला नसेल, कन्नी चुकीच्या जागी बांधली असेल, तर वारा त्याला उचलणार नाही. चित्र कितीही सुंदर असले, तरी हा परीक्षक एका गुणाचीही सवलत देत नाही.

इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी जॉर्ज पोकॉक नावाचे एक शाळामास्तर होते. त्यांना पतंगांचा विलक्षण नाद. एकदा त्यांनी आपल्या मार्था नावाच्या मुलीला खुर्चीत बसवून पतंगाच्या बळावर आकाशात चढविले. सुदैवाने ती सुखरूप उतरली. पुढे प्रसिद्ध झालेला क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेस हा तिचाच मुलगा. १८२६ साली पोकॉक यांनी पतंगांनी ओढावयाच्या गाडीचे पेटंट घेतले. त्या काळी तेथील नाक्यांवर गाडीला जुंपलेल्या जनावरांप्रमाणे कर घेत असत. या गाडीला तर घोडाच नाही! मग कर घ्यावा तरी कशाचा? नाकेदार बिचारे पाहतच राहत आणि गाडी फुकट पुढे जाई.

ऑस्ट्रेलियातील लॉरेन्स हारग्रेव्ह यांचा पतंग तर याहूनही चमत्कारिक. दोन्ही बाजूंनी उघडी असलेली दोन खोकी काठ्यांनी एकमेकांना जोडावी, तसा त्याचा आकार. ना डोके, ना शेपटी. खोके कधी उडते काय, असे कोणालाही वाटावे. परंतु १८९३ साली सिद्ध झालेला हा पेटीपतंग शेपटीवाचून आकाशात स्थिर राहू लागला. कारण त्याच्या उभ्या भिंतीच त्याला डोलू देत नसत. १२ नोव्हेंबर १८९४ रोजी सिडनीजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर हारग्रेव्ह यांनी असे चार पतंग एकाखाली एक बांधले आणि त्यांच्या आधाराने ते स्वतः १६ फूट उंच गेले. आपल्या शोधांवर त्यांनी पेटंट घेतले नाही. ज्ञान सर्वांसाठी खुले असावे, असे त्यांचे मत होते. पुढे १९०६ साली सांतोस द्युमाँ यांनी पॅरिसमध्ये विमान उडविले, तेव्हा त्याच्या पंखांची रचना या पेटीपतंगासारखीच होती.

मराठीत मोठ्या पतंगाला वावडी म्हणतात, आणि निराधार गोष्ट पसरविण्याला वावड्या उठविणे म्हणतात. माणूस उडेल, ही गोष्टही एके काळी लोकांना वावडीच वाटत होती. ती खरी होण्याच्या वाटेवर एका उडत्या खोक्यानेही आपला हातभार लावला.

चार कामट्या, थोडा कागद, खळ आणि साधा दोरा एवढ्या साहित्यात हत्ती, मांजर किंवा चष्मा लावलेले घुबडही आकाशात जाऊ शकते. अशा पतंगाला काचेचा मांजा लागत नाही. त्यामुळे कोणाचा हात कापत नाही आणि पाखरांचे पंखही चिरले जात नाहीत. पहिल्या झेपेत हत्ती नाकावर आपटेल, बघे हसतील. हसणाऱ्यांना हसू द्यावे, शेपटी थोडी वाढवावी, कन्नी थोडी सरकवावी आणि पुन्हा वाऱ्याची वाट पाहावी. निकाल देणारा बघ्या नव्हे; तो वारा आहे.